गॅरेजची मागची भिंत

रविवार, ७ सप्टेंबर

ही वही भाऊजींनी दिली. प्रेसमधले उरलेले कागद कापून, शिवून, वर निळा पुठ्ठा लावून. म्हणाले, "कामाचं रोज लिहीत जा. काय मोजलं, काय आणलं, काय राहिलं." सातवीत शाळा सोडल्यापासून मी लिहिलं असेल ते खोक्यांवर, तेही बाण काढून 'ही बाजू वर' एवढंच. पण त्यांनी इतकं निगुतीनं केलेलं, नाही म्हणवेना.

तर काम असं. ताईच्या घराला लागून गॅरेज आहे. गाडी नाही, कधी नव्हती. आत एक सायकल, तीन पायांची खुर्ची आणि वाळलेल्या रंगाचे डबे. तीन बाजूंना सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, चौथ्या बाजूला मोठं दार, वर पत्रा. भाऊजी तिथं पुस्तकबांधणीचा कारखाना काढणार. कारखाना म्हणजे दोन टेबलं आणि एक दाबयंत्र. पण बावीस वर्षं दुसऱ्याच्या प्रेसमध्ये पुस्तकं बांधल्यावर माणसाला तेवढंही मोठं वाटत असणार. लायब्ररीनं साठ जुनी पुस्तकं द्यायचं कबूल केलंय. ती नीट झाली तर दर वर्षी काम. त्या भरवशावर ते नोकरी सोडतायत.

ताई म्हणते, हिवाळ्यात गॅरेजमध्ये बादलीतलं पाणी गोठतं. अशा थंडीत सरस लागत नाही आणि बोटं वळत नाहीत. म्हणून भिंतींना आतून अस्तर करायचं, ऊब धरून ठेवणारं. ते मी करणार, कारण मी शीतगृहात भिंतींच्या अस्तराचं काम केलंय असं फोनवर सांगितलं होतं.

म्हणजे केलंयच. चौदा महिने होतो मी तिथं.

रविवार, १४ सप्टेंबर

गॅरेज रिकामं केलं. मागच्या भिंतीची लांबी दोनदा मोजली, दोन्ही वेळा वेगळी आली. तिसऱ्यांदा मोजायला गेलो तर भाऊजी फितीचं दुसरं टोक धरून उभे. मी म्हटलं, मी करतो ना. ते म्हणाले, "कर की. मी नुसता खिळा आहे असं समज."

जेवताना म्हणाले, "एकदा पत्रेवाल्या काकांना दाखवू या का भिंत? मागच्या वर्षी आपलं छप्पर त्यांनीच केलं. सगळा जन्म इथल्या थंडीत काढलाय त्यांनी."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग त्यांच्याकडूनच करून घ्या. मी जातो परत."

ताईनं ताटात बघत भाजी वाढली. भाऊजी म्हणाले, "तसं नव्हे रे मिस्त्री. सहज म्हटलं."

हे त्यांचं तिसऱ्यांदा सहज म्हणणं. माझ्यावर विश्वास नाही हे सरळ सांगावं ना.

शनिवार, २० सप्टेंबर

सामान आणलं. लाकडी रिपा, काचेच्या कापसाचे मोठे रोल, प्लास्टिकचा जाड कागद, प्लायवूड. दुकानदार म्हणाला, "प्लास्टिक कुठल्या अंगाला लावणार?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाहेरच्या. आधी भिंतीला प्लास्टिक, मग कापूस, वरून प्लाय. ओल बाहेरची बाहेर राहिली पाहिजे."

"इथं लोक जरा वेगळं करतात," दुकानदार म्हणाला.

"मी शीतगृहं केलीत," मी म्हटलं.

तो म्हणाला, "मग काय, तुम्हाला कोण शिकवणार," आणि सुतळी बांधायला लागला. टोमणा होता की खरंच म्हणाला ते कळलं नाही. रोलबरोबर एक छापील कागद होता, बारीक अक्षरांचा. तो शिडीचा पाय हलत होता त्याखाली घडी करून घातला. एकदम घट्ट बसला.

रविवार, ५ ऑक्टोबर

पंधरा दिवस लिहिलं नाही, कारण संध्याकाळी बोटं उघडत नव्हती. काचेचा कापूस अंगाला लागला की अशी खाज सुटते की माणूस स्वतःचाच वैरी होतो. ताई म्हणाली, "मानेवर काय रांगोळी काढलीस?" मग गार पाण्यानं धुवायला लावलं. गरम पाण्यानं तो आणखी आत जातो म्हणे. हे मला ठाऊक असायला हवं होतं.

पण काम झकास चाललंय. मागची भिंत पूर्ण भरली, बाजूच्या दोन्ही होत आल्या. रिपांच्या मधल्या प्रत्येक खणात कापूस कापून बसवला, कुठं बोटभर फट नाही. आयुष्यात पहिल्यांदा सुरू केलेलं काम अर्धं टाकून निघून जावंसं वाटत नाहीये. हॉटेल चार महिन्यांत सोडलं, ट्रकवर दोन महिने टिकलो, शीतगृहातून एका सकाळी न सांगता निघालो. इथं मात्र सकाळी उठल्याबरोबर आधी भिंत बघायला जातो.

शनिवार, ११ ऑक्टोबर

प्लाय ठोकून झालं. पांढरा रंग दिला. दार बंद करून हीटर लावला आणि अर्ध्या तासात आम्ही तिघं स्वेटर काढून बसलो. काल भाऊजींचा प्रेसमधला शेवटचा दिवस होता. आज त्यांनी दाबयंत्र आणलं, टेबलं लावली, मागच्या भिंतीला फळ्या मारून घेतल्या. एकेका वस्तूवर हात ठेवून उभे राहत होते.

ताईनं आईला फोन केला. मी शेजारीच होतो, आईचा आवाज बाहेर येत होता. "सगळं त्यानं एकट्यानं केलं?" आई दोनदा म्हणाली. ताई जरा थांबली. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो. एकट्यानं." मग फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. मला वाटतं तिला भरून आलं असावं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

पुस्तकं आली. लायब्ररीच्या बाई स्वतः घेऊन आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या. साठच्या साठ मोजून दिली. काहींच्या पाठी सुटलेल्या, काहींची पानं पत्त्यांसारखी हातात येतात. भाऊजींनी खालच्या फळीपासून लावून ठेवली.

त्यांची एक सवय आहे. पुस्तक हातात आलं की आधी वास घेतात. मधोमध उघडून, नाक आत घालून. म्हणतात, कागद आजारी असला की वासावरून कळतं. ताई म्हणते, लग्नाच्या वेळी मुलगी बघायला आले तेव्हा हा माणूस चहाच्या आधी आमच्या कपाटातलं पुस्तक हुंगत होता.

आता रोज सकाळी आठला शेगडीवर चिकटवायची खळ चढते. पीठ आणि पाणी, सतत ढवळायचं. मी कागद कापायला, दाबयंत्र फिरवायला मदत करतो. बाहेर बर्फासारखी हवा आणि आत आम्ही बाह्या वर करून. किटली उकळत असते, खळ रटरटत असते. बरं वाटतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

लिहावं की नको असं करत बसलोय.

आज सकाळी मी आधी गेलो गॅरेजमध्ये. मागच्या भिंतीशी खाली झाडताना झाडू ओला झाला. वाकून हात लावला. जमिनीलगत प्लाय फुगलंय. बोटानं दाबलं तर दबलं, पावासारखं.

भाऊजींची चाहूल लागली तसं फडक्यानं पुसलं आणि ओली जागा दिसू नये म्हणून पुठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. ते आत आले, म्हणाले, "आज लवकर?" मी म्हटलं, "झोप लागेना." तेवढं एक खरं बोललो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

रोज पहाटे पुसतोय. आधी एक फडकं लागायचं, आता तीन लागतात. भिंतीला घाम फुटल्यासारखं आतून पाझरतं. वरून रंगाचा एक हात दिला, दुसऱ्या दिवशी त्याचे पापुद्रे सुटले.

आज भाऊजींनी खालच्या फळीवरचं एक तयार झालेलं पुस्तक उघडलं, वास घेतला आणि तसेच थांबले. पुन्हा घेतला. मग दाराशी उजेडात नेऊन बघितलं. खालच्या कडेला राखाडी ठिपके.

"खळ बिघडली," म्हणाले. पातेलं उचललं आणि मोरीत ओतून आले.

मी कात्री घेऊन उभा होतो. आता वाटतं, तेव्हा बोललो असतो तर एका पुस्तकावर भागलं असतं.

सोमवार, १ डिसेंबर

तिसऱ्यांदा खळ फेकली. पीठ बदललं, पाणी गाळून उकळून घेतलं, पातेलं राखेनं घासलं. एका खळीत लवंगेचं तेल घातलं, दुसरीत तुरटी. बारा पुस्तकांना ठिपके आलेत, त्यातली सात अजून त्यांनी बांधायला घेतलेलीसुद्धा नाहीत. बांधायला घेतली नसतील तर त्यांना खळ कुठून लागली, हे त्यांच्या लक्षात कसं येत नाही? की बावीस वर्षं माणूस आधी स्वतःचाच हात तपासायला शिकलेला असतो?

दुपारी दाबयंत्राशी बसले होते. हात पुढे धरून बघत म्हणाले, "हात गेला बहुतेक माझा. प्रेसमध्ये होतो तोवर कळलं नाही. तिथं चार जणं असायची, एकाचं दुसऱ्यात झाकून जायचं."

मी म्हटलं, "असं नसतं भाऊजी."

एवढंच म्हटलं. असं नसतं. तोंडात मारून घ्यावीशी वाटतेय.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज ताईनं भिंत पाहिली. पुठ्ठे हलवले आणि किंचाळली नाही, नुसती मला म्हणाली, "हे काय?"

भाऊजीही आले. दोघं माझ्याकडे बघत होते आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "छप्पर गळतंय. पत्र्याचा सांधा."

कसं सुचलं माहीत नाही. खोटं बोलायला मला कधी विचार करावा लागत नाही, खरं बोलायलाच लागतो.

पत्रेवाल्या काकांना बोलावलं. सत्तरीचे, एक गुडघा वळत नाही. भाऊजी कुणाला वरच्या आवाजात बोलत नाहीत, पण आज म्हणाले, "काका, दोन वर्षंही झाली नाहीत हो. लोकांची पुस्तकं आहेत आत."  काका शिडी लावून वर गेले. मी खाली शिडी धरून. वर दहिवर पडलेलं, पत्रा काचेसारखा गुळगुळीत. ते बसून बसून सरकत होते. एकेक सांधा, एकेक खिळा. मध्येच थांबायचे आणि वाकून खाली माझ्याकडे बघायचे. मी शिडीकडे बघायचो. दीड तास.

उतरले तेव्हा बोटं जांभळी झाली होती. आत जाऊन त्यांनी भिंतीला आधी वर हात लावला, मग खाली.

"वरून आलं असतं तर डाग वर असता," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "काय रे? तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "येत असेल कुठून तरी."

"हं," म्हणाले. ताईनं दिलेला चहा न घेता गेले.

सोमवार, ८ डिसेंबर

उद्या लायब्ररीच्या बाई पुस्तकं बघायला येणार.

सकाळी भाऊजी पीठ आणायला गेले होते. मी कपडे पिशवीत भरत होतो. अकराची बस आहे. ताई दारात येऊन उभी राहिली. ओरडेल असं वाटलं. ती पलंगावर बसली, मी कोंबलेला शर्ट काढून नीट घडी घालायला लागली.

"या वेळी कुठं?" म्हणाली.

"बघतो कुठंतरी."

"तिथं काय सांगणार? इथं काय केलं म्हणून?"

मी पिशवीत मोजे कोंबले.

"मी अडवणार नाही तुला," ती म्हणाली. "लहानपणापासून अडवून बघितलंय. फक्त जाण्याआधी ह्यांना सांग, हात गेला नाही म्हणून. बाकी काही सांगू नकोस हवं तर. परवा हे पुन्हा प्रेसमध्ये विचारून आले, जागा आहे का."

घडी घातलेले शर्ट तिनं पिशवीत ठेवले आणि स्वयंपाकघरात गेली. मी बसस्टॉपपर्यंत गेलो. बस आली, दार उघडलं, चालक म्हणाला, चढायचंय का? मी म्हटलं, नाही. मग का उभा होतास, असं तोंड करून तो गेला.

परत आलो. भाऊजी खळ ढवळत होते. तरीही बोललो नाही. दिवसभर बोललो नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

जसं झालं तसं लिहितो.

बाई आल्या. भाऊजींनी खालच्या फळीवरची अठरा पुस्तकं आधीच टेबलावर काढून ठेवली होती. लपवली नाहीत. म्हणाले, "बाई, चूक माझी आहे. खळ बिघडली. आजवर कधी झालं नव्हतं. वय झालं म्हणायचं."

बाईंनी एक पुस्तक उलटसुलट केलं. "वरच्या फळीवरच्यांना काही नाही?"

"नाही."

"खळ तर सगळ्यांना एकच ना?"

 भाऊजी मान खाली घालून उभे राहिले, शाळेत बाकावर उभं करतात तसे. आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारात.

मी म्हटलं, "भिंत ओली आहे."

दोघांनी बघितलं.

"मागची भिंत. आतून ओली आहे. ती मी केली. खळीचं काही नाही. छपराचंही काही नाही. मला येतं म्हणून सांगितलं होतं पण मी मिस्त्री नाही. शीतगृहात मी रोल उचलायचो, लावायचे दुसरे. गेले वीस दिवस रोज पहाटे येऊन पुसत होतो."

एवढं एका दमात. आवाज माझा वाटत नव्हता. मी मिस्त्री नाही हे ऐकून भाऊजी काहीच म्हणाले नाहीत, मागं उभी असलेली ताईसुद्धा नाही. रागानं वाचा बसली असावी. वीस दिवस म्हटलं तेव्हा मात्र भाऊजींनी वर बघितलं.

"चहा खाली ठेव," ते म्हणाले. "सांडतोय."

बाई बेचाळीस पुस्तकं परत घेऊन गेल्या. ठिपक्यांची अठरा ठेवली, म्हणाल्या, वाळवून साफ होतात का बघा. भिंत कोरडी झाली की मग पुढचं बघू. भाऊजींनी एकेक गठ्ठा स्वतः त्यांच्या गाडीत नेऊन ठेवला. मी एक उचलायला गेलो तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. ओढून नाही, हळूच. ओढून घेतला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

तीन दिवस भाऊजी माझ्याशी बोलले नाहीत. अठरा पुस्तकं स्वयंपाकघरात उभी करून, पानं पंख्यासारखी उघडून ठेवलीत. एकेक पान मऊ ब्रशनं झाडतात. आम्ही जेवतो ते त्या पुस्तकांच्या मध्ये बसून, आणि मला प्रत्येक घासाला ती दिसतात.

आज ब्रश खाली ठेवून म्हणाले, "पुस्तकं खराब झाली त्याचं नाही मला. त्यातली बरीच वाचतील. मी तीन वेळा खळ फेकली. तू समोर उभा होतास."

मी म्हटलं, "हो."

"हो काय?"

"उभा होतो."

त्यांनी पुन्हा ब्रश उचलला. मला वाटलं आता म्हणतील, जा. ते म्हणाले, "रविवारी भिंत उघडू. कानटोपी घाल, गेल्या वेळी कापूस कानात गेला होता तुझ्या."

रविवार, १४ डिसेंबर

सकाळी नऊला सुरू केलं, आधी मागची भिंत. मी पहार घातली, भाऊजींनी प्लाय धरलं. खालचा भाग हातातच तुटला. आतला कापूस ओल्या गोधडीसारखा जड, पिळला तर पाणी. मीच एकेक खण इतक्या प्रेमानं भरला होता.

कापूस काढल्यावर मागचं प्लास्टिक दिसलं. त्यावर थेंबच थेंब, आमच्या बाजूला. मी एक पट्टी फाडली आणि पलीकडच्या ठोकळ्याला हात लावला. कोरडा ठणठणीत.

 पाणी बाहेरून आलंच नव्हतं. खळीची वाफ, किटलीची वाफ, दिवसभर बोलत काम करणाऱ्या दोन माणसांचा श्वास, सगळं प्लायमधून कापसात शिरत होतं आणि गार प्लास्टिकला अडून तिथंच साचत होतं. शीतगृहात थंडी आत आणि गरम हवा बाहेर, म्हणून तिथं प्लास्टिक बाहेरच्या अंगाला. इथं सगळं उलटं. चौदा महिने मी रोल उचलले, कुठं लावतात ते बघितलं, पण का, हे एकदाही कुणाला विचारलं नाही. विचारलं तर आपल्याला येत नाही हे कळेल म्हणून.

भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आपणच भिजवली भिंत."

"तुम्ही नाही. मी."

"बरं, तू. मग आता काय करायचं? प्लास्टिक आतून लावायचं?"

हो म्हणणार होतो. जिभेवर आलं होतं.

"मला नक्की माहीत नाही," मी म्हटलं. "विचारून येतो. पत्रेवाल्या काकांना."

"मी येऊ बरोबर?"

"नको."

काकांचं घर आमच्यापासून तिसरं, पण मला गल्ली संपतच नाही असं झालं. कानटोपीला कापूस, हात चिकट. दार त्यांनीच उघडलं.

"काय रे," म्हणाले, "अजून गळतंय का माझं छप्पर?"

"गळत नव्हतं काका. तुम्ही वर चढलात तेव्हाही मला ठाऊक होतं."

"मलाही."

"मग चढलात कशाला?"

"बोलावलं म्हणून. एक फेरी मारली तेव्हाच कळलं, सांधे पक्के आहेत." ते दाराला टेकले. "म्हटलं, खाली शिडी धरून उभा आहे, हाक मारेल. काका, उतरा म्हणेल. वाट बघत बसलो."

मला वर बघता येईना. माझ्या ओठांशी माफ करा एवढे दोन शब्द होते, ते इतके हळू निघाले की त्यांना ऐकू गेले की नाही कोण जाणे. मग भिंतीचं सगळं सांगितलं, थेंब कुठल्या बाजूला होते तेही. ऐकता ऐकता त्यांनी स्टुलावर बसून बूट ओढले. गुडघा वळत नाही त्या पायाच्या नाडीला हात पुरेना, म्हणून मी खाली बसलो आणि बांधायला लागलो.

"प्लास्टिक सगळं काढलंस का?" डोक्यावरून आवाज आला.

"अर्धं."

"मग माझ्या बुटांशी काय खेळतोस? जा, काढ. येतो मी."

मी पळत आलो. शेवटची पट्टी ओढली तेव्हा ते दारात पोचले होते, एका बुटाची नाडी सुटलेली.